बेवारस टिन

मीठ पाझरू लागलं की मला कळतं. बरणीतलं मीठ चमच्याला चिकटतं, तळायच्या आधीच पापड मऊ पडतात, आगपेटीवर काडी घासली तर नुसती काळी रेघ उमटते. मे महिना निम्म्यावर आलेला असतो. तोवरचं ऊन कोरडं असतं. घाम दिसायच्या आत उडून जातो, ओठ फाटतात, नागपूरकडून येणाऱ्या वाऱ्याला धुळीशिवाय कसलाच वास नसतो. मग एक दिवस वारा कूस बदलतो. उगवतीकडून, छत्तीसगडच्या बाजूने, काहीतरी दमट, जड असं गावात शिरतं. त्याला वारा तरी कसं म्हणायचं? चिचेचं, म्हणजे चिंचेचं, पान हलत नाही. पण घाम वाळेनासा होतो, सदरा पाठ सोडत नाही, बैल उभ्या जागी धापतात. आमच्या गोंदिया जिल्ह्यात मराठी बोला, हिंदी बोला, पोवारी बोला, या दिवसांना शब्द एकच. उमस.

उमस आली की लोक आभाळाकडे बघतात. मी कौतिकावैनीच्या न्हाणीवरच्या टिनाकडे बघतो.

कौतिकावैनी आमची शेजारीण. नात्यागोत्याने कोणी नाही. तिचा नवरा श्रावणभाऊ माझ्यापेक्षा मोठा, म्हणून ती वहिनी आणि मी तिचा भाऊजी. मधे एक कुडाची भिंत, तीही शेळ्यांनी अर्धी खाल्लेली. तिच्या घराच्या मागच्या बाजूला चार बल्ल्यांवर, म्हणजे लाकडी खांबांवर, न्हाणी उभी आहे, तिन्ही बाजूंनी जुन्या लुगड्यांचा आडोसा आणि डोक्यावर एकच टिन, म्हणजे पन्हळी पत्रा. उमस आली की वैनी मला हाक मारते, "भाऊजी, गोटे ठेवून द्या ना! यंदाचं लक्षण बरं नाही." मी जातो, शिडी लावतो, टिनावर आणखी चार गोटे चढवतो. श्रावणभाऊ खाटेवरून सूचना देत राहतात. ते शिडीवर चढत नाहीत. "हे चढले त टिन ऱ्हाईन, हेच उडतीन," असं वैनी दरवर्षी म्हणते आणि काडीसारखे श्रावणभाऊ दरवर्षी हसतात.

तो टिन माझा आहे. हे यंदापर्यंत मी कोणालाही सांगितलं नव्हतं. आणि त्याच टिनाने वैनीचा उजवा हात गेला.

आमच्याकडे टिन ठोकत नाहीत, दाबतात. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं. शहरातून आलेला माझा साडू एकदा आमच्या कोठ्याकडे, म्हणजे बैलांच्या गोठ्याकडे बघून म्हणाला होता, "अरे, हुक मारून टाक ना, एका दुपारचं काम!" त्याला काय सांगणार? टिन आमच्याकडे एका जागी राहत नाही. पावसाळ्यात तो कोठ्यावर असतो, धान कापला की पुंजण्यावर, म्हणजे भाऱ्यांच्या गंजीवर, जातो, लग्न निघालं की आचाऱ्याच्या चुलीला वाऱ्याआड उभा राहतो. हुक मारला की भोक पडतं, भोक पडलं की गळतं, आणि गळका टिन पुंजण्यावर टाकला की खालचा धान काळा होतो. म्हणून गोटे. प्रत्येकाच्या छपरावर गोटे असतात, आणि कोणता गोटा कोणत्या कोपऱ्यावर, हेही ठरलेलं असतं. वर्षानुवर्षं एकाच जागी बसून टिनावर गोट्याचा गोल गंजका डाग पडतो. गोटा काढला तरी त्याची जागा दिसत राहते.

वैनीचा हात गेला त्या साली आमचा उन्हाळी धान उशिरा कापणीला आला. कापून कडपा, म्हणजे धानाच्या मुठी, बांधीत, आमच्या धानाच्या शेतात, पसरल्या होत्या. दोन उन्हं मिळाली असती तर भारे बांधता आले असते. माझी बायको रेखा आमगावला भाचीच्या लग्नाला गेलेली. सकाळपासूनच हवा अशी होती की श्वास घेतला तरी घेतल्यासारखा वाटत नव्हता. पाण्याचा घोट पोटात जाऊन पडून राहायचा. मी चहा पीत होतो तेव्हा वैनी कुडावरून डोकावून म्हणाली, "भाऊजी, आज माह्या शेळ्या काही बांधीकडं जात नाही. बोडीवरूनच माघारी फिरून राहिल्या." बोडी म्हणजे गावाच्या कडेचं आमचं तळं. मी म्हटलं, "तुमच्या शेळ्या आधीपासूनच आळशी आहेत, वैनी. मालकावर गेल्या." खाटेवरून श्रावणभाऊंचा आवाज आला, "ऐकून राहिलो बरं मी!"

असं हसलो आम्ही. त्या दिवसाचं मला सगळ्यात आधी आठवतं ते हे हसणं.

दुपारी मावळतीकडे ढग उभे राहिले. आडवे ढग मी जन्मभर बघितलेत, हे उभे होते. फुलकोबीच्या गड्ड्यावर गड्डा रचावा तसे चढत गेले, पांढरेशुभ्र, कडा इतक्या रेखीव की हाताने चाचपाव्या. मग त्यांचा माथा कुठेतरी अडला आणि ऐरणीसारखा सपाट पसरत आमच्या डोक्यावर आला. त्या सपाट भागाच्या पोटाला पिशव्या लोंबत होत्या. म्हशीची कास भरून येते तशा, एकीला लागून एक. खालचा उजेड आधी पिवळा झाला, मग त्यात हिरवट झाक आली, पाडाला आलेल्या आंब्याच्या सालीसारखी. माणसांचे चेहरे त्या उजेडात आजारी दिसत होते. पाखरं गप्प होती. बैल बोडीच्या काठी बांधून मी बांधीवर ताडपत्री घेऊन निघालो होतो, आणि तिथेच मला आठवलं की ताडपत्री दाबायला वजन नाही.

मी परत घरी आलो. कोठ्याच्या शेवटच्या टिनावरचे चारही गोटे उतरवले, पोत्यात घातले आणि सायकलवर टाकून बांधीकडे नेले.

यात फार विचार होता असं नाही. कापलेला धान बांधीत उघडा होता, बैल कोठ्यात नव्हते, रिकाम्या कोठ्यावरचा एक टिन उडाला तर उडाला. असाच हिशेब केला मी. उडालेला टिन कुठेतरी जाऊन पडतो आणि जिथे पडतो तिथे माणसंही असतात, हे डोक्यात आलंच नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. सायकलवर टांग टाकताना मी वळून त्या टिनाकडे बघितलं होतं. गोट्यांच्या चार गंजक्या जागा दिसत होत्या. मनात आलंच होतं. आलं आणि मी पायडल मारलं.

पुढे मी या वाऱ्याबद्दल बरंच वाचलं, लोकांना विचारलं, मोबाइल आल्यावर तासन्‌तास बघत बसलो. खाली उबदार, ओली हवा लागते. तिच्यावर कोरड्या हवेचं झाकण लागतं, म्हणजे खालची वाफ कोंडून राहते. झाकण फुटलं की ती एकदम वर उसळते. आणि वारे थरांचे असावे लागतात, जमिनीजवळचा एका दिशेने, वरचा दुसऱ्या दिशेने आणि जास्त जोरात. त्या दोघांच्या मधली हवा आडवी वळत जाते, दोन तळहातांमध्ये कापसाची वात वळावी तशी. मग उसळणारी हवा ती आडवी वात उचलून उभी करते. सगळं जुळूनही बहुतेक वेळा काहीच होत नाही, पाऊस पडतो, गारा पडतात, लोक आंबे वेचतात. क्वचित एखाद्या दिवशी ती वात ढगाच्या पोटातून खाली उतरते. मी हे सगळं शिकलो कशासाठी? ज्ञानासाठी नक्कीच नाही. एवढं अफाट जमून यावं लागतं, तिथे माझ्या चार गोट्यांची काय ती बिशाद, हे मला कोणाकडून तरी ऐकायचं होतं. ढगाच्या मागे लपायला मी ढग शिकलो.

त्या दिवशी आधी थंड झोत आला. भट्टीसमोर उभ्या माणसाच्या तोंडावर कोणी माठातलं पाणी मारावं तसा. कुठल्यातरी दूरच्या गावातल्या ओल्या मातीचा वास त्यात होता. मग गारा, आधी सुट्या, टपोऱ्या. त्या थांबल्या. थांबल्यावर जी शांतता झाली तिच्यात माझ्या कानांना दडे बसल्यासारखे झाले. आणि घरघर सुरू झाली. गोंदियात राइस मिलच्या रस्त्याने गेलं की येते तशी, पण धान नसताना मोकळीच चालवलेली मिल, आणि ती जवळ येत होती. मी बांधीच्या धुऱ्याआड, बांधाच्या आडोशाला, पालथा पडलो आणि मान उचलून बघितलं. ढगाच्या काळ्या बुडातून एक सोंड उतरली होती. फार जाड नव्हती. ती जमिनीला टेकल्यासारखी वाटेना, पण तिच्या खाली धूळ, पानं, तणस गोल फिरत होतं. सोंड बोडीच्या अंगाने गावाला घासून गेली. तिच्याभोवती टिन फिरत होते. लांबून ते तेंदूच्या सुक्या पानांसारखे हलके दिसत होते, उलटसुलट होताना चमकत होते. खरं सांगायचं तर सुंदर दिसत होते.

चिलीम ओढून संपते ना, तेवढ्यात सगळं संपलं.

बोडीवर पहिला मी पोचलो. बैल मोकळे उभे होते, दावी गळ्यात लोंबत होती. मोहाच्या झाडाची फांदी धोतर पिळावं तशी पिळून पडली होती. आणि वैनी बोडीच्या पाळीला, मातीच्या बांधाला, टेकून बसली होती, उजवा हात डाव्या हातात धरून, पदर लाल. ती शेळ्या आणायला आली होती. माझे बैल खुंट्याला हिसके देताना दिसले म्हणून तिने आधी त्यांची दावी सोडली. हे तिने मला तिथेच सांगितलं, ओठ पांढरे पडलेले असताना. "भाऊजी, तुमचे बैल सोडले मी. पाहा ना, आहेत का बरोबर."

तिच्यापासून हातभर अंतरावर टिन पडला होता. त्याच्या एका कोपऱ्यावर डांबराचं ठिगळ होतं. ते ठिगळ मी लावलं होतं. गरम डांबर दाबताना अंगठा भाजला होता, त्याचा खळगा अजून डांबरात होता. माझा टिन मी अंधारातही ओळखला असता.

मी खांद्यावरचा दुपट्टा काढून वैनीच्या हाताला बांधला. गावाकडून माणसं ओरडत येत होती. वैनीने डोळे मिटले होते. आणि मी पायाने तो टिन उलटा केला. ठिगळ खाली गेलं.

हे लिहितानाही माझा उजवा पाय मला वेगळाच जाणवतो आहे. टिन घासल्याचा तो आवाज वैनीने ऐकला असेल का, हे मी कितीतरी उन्हाळे स्वतःला विचारत आलो. हाताला दुपट्टा बांधणारा मीच आणि टिन उलटा करणारा मीच. दोन्ही कामं एका दमात झाली. पहिल्या कामासाठी गावाने मला पुष्कळ नावाजलं.

तिला मोटारसायकलवर मधे बसवून आमच्याकडच्या गोरेगावला नेलं, तिथून गोंदियाला. हात राहिला. बोटं मिटायची राहून गेली. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, कौतिकावैनी रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, उतरली की बाकीच्या बाया तिच्या मागे पडायच्या. पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची, जुडी डाव्या हातात, उजवा हात चिखलात जातोय-येतोय, आणि तोंडाने कोणाची तरी टिंगल चाललेली. तेंदूच्या हंगामात पानांचे पुडे बांधायलाही तीच. पानांचा गठ्ठा, वाकाची एक फिरकी, गाठ, आणि बाजूला. आता ती पानं एकावर एक लावून देते आणि सून बांधते. डाव्या हाताने भाकर थापायला ती शिकली, पण भाकर एका बाजूला जाड होते. "जाड बाजू यांले, पातळ मले," असं ती श्रावणभाऊंकडे बघून म्हणते.

दुसऱ्या दिवशी गावातले उडालेले टिन वेचले. बांधीतून, बोडीतून, काही शेजारच्या गावाच्या शिवेवरून. वावधन येऊन गेलं की आमच्याकडे असंच करतात. वावधन म्हणजे हाच वारा, लहान असो की मोठा. सगळे टिन गावातल्या चिचेखाली आणून टाकायचे आणि ज्याने त्याने आपापला ओळखून न्यायचा. लिहिणं नाही, पंचनामा नाही. प्रत्येकाला आपल्या टिनाची पन्हळ, गंज, गोट्याचा डाग पाठ असतो, आणि शेजाऱ्यालाही तो पाठ असतो. गंमतही चालते. एका म्हाताऱ्याने चकचकीत टिनावर हात ठेवून "हा माहा" म्हटलं, तर चारजण ओरडले, "बाबा, तुमचा त आजोबाच्या लग्नातला होय!" तोही हसला आणि आपला गंजका टिन उचलून गेला. ढीग कमी होत गेला. शेवटी एक उरला. कोणीतरी तो माझ्याकडे वळवून विचारलं, "भाऊ, तुमचा त नाही ना? तुमच्या कोठ्यावर एक कमी दिसते."

"नाही," मी म्हणालो. "माझा बोडीत गेला असेल."

ढिगाजवळ वैनीच्या घरचं कोणी नव्हतं, सगळे गोंदियाला होते. ओळखणारे दोघे-तिघे तिथे नक्की होते. कोणी बोललं नाही. दुपट्टा बांधणाऱ्या माणसाला कोण खोटं पाडणार?

रेखा आमगावहून आली तेव्हा तिनेही कोठ्याकडे बघून विचारलं, "एक टिन कोठी आहे?" मी म्हटलं, उडाला. "शोधला नाही?" म्हटलं, सापडला नाही. ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली आणि मग बैलांना पाणी दाखवायला गेली.

तो टिन चिचेखाली बेवारस पडून राहिला. पावसाळाभर त्यावर पोरं नाचली, कुत्री निजली. श्रावणभाऊंनी तो एक दिवस ओढत घरी नेला. "कोनाचाच नाही, त आपला," ते म्हणाले. वैनीने तो न्हाणीवर टाकायला लावला. मी अंगणात उभा होतो. ती टिनाकडे मान वर करून म्हणाली, "रे बाबू, लय उडला ना तू? आता राहा येथीच. उन्हात ठेवतो, पान्यात ठेवतो, तुले काही सोडत नाही." मग मला, "हासा ना भाऊजी. काऊन असे उभे आहा?"

तेव्हापासून प्रत्येक उमशीत तिने हाक मारली आणि प्रत्येक वेळी मी जाऊन माझ्याच टिनावर गोटे ठेवले. पालथा टाकलेला, ठिगळ खालच्या अंगाला. मी ते वरून कधी बघितलं नाही. ती रोज खालून बघत होती.

आता मोबाइलवर आधीच सूचना येते. लाल, पिवळं, नारिंगी. विजा चमकतील, वारे सुटतील, झाडाखाली थांबू नका. यंदा सूचना आली त्या दुपारी मी वैनीकडे गेलो तो गोट्यांऐवजी हुक, वायसर आणि पाना घेऊन. गळलं तर गळेल, पण टिन तिथून हलणार नाही, एवढं तरी करावं असं मनात होतं. खरं म्हणजे तेवढं करून सुटावं, असं मनात होतं. मावळतीकडे गड्डे चढायला लागले होते. वैनी मागच्या ओसरीत तेंदूची पानं लावत बसली होती. सून पाण्याला गेलेली. श्रावणभाऊ खाटेवर.

"आज गोटे नाही?" तिने विचारलं.

"हुक मारतो म्हटलं. पक्का होईल."

"कायले? न्हानीच त होय. येवढे वर्सं गोट्यावर राहिला, आता काऊन पक्का करून राहिले?"

मी शिडी भिंतीला टेकवली, एक पाय वर ठेवला आणि तो तिथेच राहिला. तो उजवाच पाय होता. मी खाली उतरलो आणि तिच्यासमोर जमिनीवर बसलो. सांगितलं. गोटे काढून नेल्याचं सांगितलं. वळून बघितल्याचं सांगितलं. चिचेखालचं "नाही" सांगितलं. सगळ्यात शेवटी पायाचं सांगितलं.

तिचा डावा हात पानं लावत राहिला. एक पान, त्यावर एक पान. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही.

"गोटे नेले ते ठीक आहे," ती म्हणाली. "धान पडला होता, मीबी नेले असते. टिन वाऱ्यानं आनला. वाऱ्याले काय म्हनाव मानसानं?" एक पान फाटकं निघालं, ते तिने बाजूला टाकलं. "पन उलटा तुमी केला, भाऊजी. तो वाऱ्यानं नाही केला."

ढग, थर, वात, झाकण, मी जमवलेलं सगळं त्या एका वाक्यासमोर पडलं. 

"माहा हात त गेलाच असता. तुमी तेथीच म्हनलं असतं ना, वैनी, माहा टिन होय, त मी दोन शिव्या देल्या असत्या. मंग झालं असतं." तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "त्याच्याखाली आंग धुतलं मी इतके वर्सं. वर ते डांबर पाहात. कोन्या लेकाचा अंगठा होय हा, म्हनत."

श्रावणभाऊ खाटेवर उठून बसले होते. "जाऊ दे ना आता," ते पुटपुटले.

"तुमी चूप राहा." मग मला, "काढा."

"वैनी, वादळ येतंय. आज राहू द्या. उद्या नवीन—"

"नवा कायले? मी मांगतला का? तुमचा होय ना? मंग न्या आपला. ढिगातून जसा नेते मानूस, तसा न्या." आणि मी टिन उतरवून कुडाच्या फटीतून आमच्या अंगणात सरकवू लागलो तेव्हा मागून, "तेथून नाही. रस्त्यानं."

कुडाची फट ओलांडली तर आमचं घर चार पावलांवर आहे. रस्त्याने जायचं म्हणजे चिचेला वळसा घालून, पानठेल्यासमोरून, सगळ्या ओसऱ्यांपुढून. मी टिन डोक्यावर घेतला. उजेड पिवळा पडू लागला होता, त्यात तीच हिरवट झाक. पानठेल्यावर बसलेल्यांनी माना वर केल्या. "अरे भाऊ, अशा हवेत टिन घेऊन कोठी निंगाले? उडसान!" एकजण म्हणाला. दुसऱ्याने टिनाकडे नीट बघितलं. "हा त कौतिकाबाईच्या न्हानीवरचा होय ना? तो बेवारस?"

"बेवारस नाही," मी म्हणालो. "माहा होय."

पुढच्या ओसरीवर पुन्हा विचारलं. पुन्हा तेच सांगितलं. चिचेखाली बसलेल्या एका म्हाताऱ्याने काहीच विचारलं नाही. त्याने नुसती मान हलवली, त्याला कधीपासून ठाऊक होतं ते मला कळलं, आणि त्याच्या नजरेसमोरून जाणं मला सगळ्यात जड गेलं. माफी मिळाली असती तर मी घरी जाऊन झोपलो असतो. वैनीने माफी दिली नाही. तिने मला माझी वस्तू दिली.

वळणावर थंड झोत आला. टिन शिडासारखा भरला, मला मागे रेटू लागला, पन्हळीच्या कडा बोटांत रुतल्या. कोणीतरी ओरडलं, "ठेवा ना खाली, वावधन येऊन राहिलं!" मी ठेवला नाही. दोन्ही हातांनी धरून, तिरका होऊन, पाय ओढत घरापर्यंत आलो. मागे बघितलं तर वैनीच्या न्हाणीच्या बल्ल्या उघड्या उभ्या होत्या आणि श्रावणभाऊ त्यांच्यावर एक जुनी चादर बांधायची धडपड करत होते. शिडी न लावता.

रेखा दारात उभी होती. तिने टिनाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सापडला?" तिने विचारलं.

मी टिन अंगणात टाकला. तो पालथा पडला, डांबराचं ठिगळ खाली. गारांचा पहिला सडा कोठ्यावर वाजू लागला होता. मी वाकलो आणि हातांनी तो सुलटा केला.

"हो," म्हटलं. "गोटे आण."